ट्यूनाची खानेसुमारी

१९९९ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तीन मित्रदेश वकिलांचा ताफा घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. एका बाजूला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, दुसऱ्या बाजूला जपान. ज्या न्यायाधिकरणापुढे ते आले होते ते संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याखाली नुकतंच स्थापन झालेलं. तिथे दाखल झालेल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक. तंटा बेटाचा नव्हता की सागरी हद्दीचा नव्हता. दक्षिण गोलार्धातल्या समुद्रात सदर्न ब्लूफिन ट्यूना नावाचा मासा किती उरला आहे यावर तिघांचं एकमत होत नव्हतं, आणि म्हणून तिघे कोर्टाची पायरी चढले होते.

गंमत अशी की या तिन्ही देशांचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती बसत होते. समोरचे आकडेही तेच. त्या आकड्यांवरून जपानी शास्त्रज्ञ म्हणत, साठा सावरतोय. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे म्हणत, रसातळाला चाललाय. मासे पाण्याखाली असतात, ते मोजता येत नाहीत, हे दोघांनाही मान्य होतं. वाद होता तो न मोजता अंदाज कसा बांधायचा याचा.

आपल्या कोकणात मिळणाऱ्या कुप्याचा हा दूरचा नातेवाईक, पण आकाराने त्याच्यापुढे राक्षसच. लांबी दोन मीटरच्या वर जाते, वजन दोनशे किलोच्या पुढे, आणि आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत. वयात यायलाच त्याला आठ ते बारा वर्षं लागतात. अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक अशा तिन्ही महासागरांच्या दक्षिण भागात तो फिरतो. अंडी घालायला मात्र जगात एकच जागा त्याला चालते, ती म्हणजे इंडोनेशियाचं जावा बेट आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा यांच्यामधला हिंदी महासागराचा उबदार पट्टा. तिथे जन्मलेली पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरतात आणि काही वर्षं दर उन्हाळ्यात देशाच्या दक्षिणेकडच्या ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विशाल उपसागरात गोळा होतात. जन्मस्थान एक आणि लहानपण घालवायची ठरलेली जागा एक, या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं.

जपानी बोटी या माशामागे लागल्या त्या १९५० च्या दशकात. लाँगलाइन म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीची दोरी आणि तिला लटकलेले हजारो गळ. १९६१ साली या एका जातीची जगभरातली पकड सुमारे ८१,७५० टनांवर पोहोचली. तो उच्चांक. तिथून पुढे जपानची पकड उतरत गेली. ऑस्ट्रेलियाने याच काळात आपला हात सैल सोडला. त्यांच्या बोटी किनाऱ्याजवळची कोवळी पिल्लं धरत आणि ती बहुतांशी डब्यात भरली जात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाची पकड साडेएकवीस हजार टनांवर गेली. म्हणजे म्हातारे मासे जपान ओढत होता आणि पोरं ऑस्ट्रेलिया. मधल्या मधे जात संपायला आली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिन्ही देशांनी स्वतःहून मर्यादा घालून घेतल्या आणि १९८९ साली एकूण पकड ११,७५० टनांवर आणली. १९९३ च्या मे महिन्यात करार झाला, वर्षभरात तो अमलात आला आणि त्यातून एक आयोग जन्माला आला. कार्यालय कॅनबेरात. १९८० साली साठा जिथे होता तिथे तो २०२० पर्यंत परत न्यायचा, असं ठरलं.

एव्हाना माशाचा भावही बदलला होता. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ब्लूफिनच्या पोटाच्या चरबीदार तुकड्याला सोन्याचं मोल आलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पोर्ट लिंकन हे छोटं बंदर या पैशावर पालटून गेलं. तिथल्या मच्छीमार कुटुंबांत क्रोएशियाहून येऊन स्थायिक झालेली बरीच. १९९० च्या सुमारास त्यांनी नवी शक्कल काढली. बाइटमध्ये पर्ससीन जाळ्याने पिल्लांचा थवा जिवंत घेरायचा, तो तरंगत्या पिंजऱ्यात वळवायचा आणि पिंजरा बोटीमागे इतका हळू ओढत आणायचा की किनारा गाठायला आठवडे लागावेत. मग काही महिने सार्डिन म्हणजे तारली खाऊ घालून मासा पुष्ट करायचा आणि विमानाने जपानला धाडायचा. त्याच टनभर कोट्यात कितीतरी जास्त पैसा येऊ लागला.

पण कोटा ठरवायचा तर साठा माहीत हवा, आणि तो कळण्याची वाट मच्छीमारांच्या नोंदवहीतून जात होती. हजार गळ टाकले की किती मासे लागतात? प्रमाण वाढलं तर समुद्रात मासे वाढले, घटलं तर घटले. हिशेब सोपा वाटतो, पण त्यात मेख आहे. मच्छीमार समुद्रात कुठेही गळ टाकत नाही. मासा असेल तिथेच जातो. साठा निम्मा झाला आणि उरलेला निम्मा चार जागी एकवटला, तर नोंदवहीत काहीच फरक दिसणार नाही. उलट कोटा कमी झाल्यामुळे बोटी जिथे जाणंच सोडून देतात त्या पाण्यात मासे आहेत की नाहीत, हे कोण सांगणार? जपान म्हणायचा, तिथे भरपूर असतील. ऑस्ट्रेलिया म्हणायचा, नसतील. दोघांनाही पुरावा देता येत नव्हता.

खुणा लावून मोजण्याची दुसरी पद्धत जुनी आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. जी. योहानेस पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चपट्या प्लेस माशांना खुणा लावून सोडलं होतं. त्यांचं नाव आजही या पद्धतीला चिकटलेलं आहे. काही प्राणी पकडायचे, खूण करून सोडायचे, काही काळाने पुन्हा पकडायचे, आणि नव्या पकडीत खुणेवाले किती निघाले त्यावरून एकूण संख्या काढायची. शंभरांना खूण केली आणि दुसऱ्या खेपेच्या शंभरांत दहा खुणेवाले निघाले, तर एकूण साधारण हजार. आपल्याकडे ताडोबा-मेळघाटात कॅमेरे लावून वाघ मोजतात ते याच तत्त्वावर. वाघाच्या अंगावर पट्ट्यांची खूण जन्मजात असते, म्हणून त्याला पकडावं लागत नाही इतकंच.

ट्यूनाला पट्टे नाहीत. टॅग लावायचे तर दीडशे किलोचा मासा बोटीवर घ्या, जिवंत ठेवा, टॅग टोचा, सोडा. पिल्लांच्या बाबतीत हे जमलं आणि हजारोंनी टॅग लावलेही गेले. पण ज्याच्या गळाला तो मासा लागेल त्याने टॅग काढून परत पाठवायला हवा. ज्याला आपली पकड दाखवायची नाही तो टॅग कशाला पाठवेल? परत न आलेला टॅग म्हणजे न सापडलेला मासा, की सापडून दडवलेला मासा, हे ओळखायला मार्ग नव्हता. एक तिसरा उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाने बाइटवर विमानं फिरवून पृष्ठभागाजवळचे थवे मोजून पाहिले. त्यातून पिल्लांचा अंदाज यायचा. प्रौढ मासे तिथे नसतातच.

१९९८ मध्ये जपानने ठरवलं की बोटींनी सोडून दिलेल्या पाण्यात मासे आहेत की नाहीत हे आपणच जाऊन बघू. 'प्रायोगिक मासेमारी' या नावाखाली त्या वर्षी कोट्याच्या वर दीड हजार टनांच्या आसपास मासे धरले गेले, आणि १९९९ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाला. धरलेले मासे अर्थातच बाजारात गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हॅम्बुर्गला गेले ते या प्रयोगावरून. २७ ऑगस्ट १९९९ रोजी न्यायाधिकरणाने तात्पुरता आदेश दिला की ठरलेल्या मर्यादेबाहेर कोणी जाऊ नये आणि प्रयोगाचे मासे कोट्यातच धरावेत. वर्षभरात, ४ ऑगस्ट २००० ला, पुढच्या लवादाने निकाल दिला की हा वाद ऐकण्याचा आम्हाला अधिकारच नाही. आदेश रद्द. साठा किती, या प्रश्नाला अर्थातच कोणत्याही न्यायाधीशाने हात लावला नाही.

खरा धक्का बसला २००६ मध्ये. जपानी बाजारात विकल्या गेलेल्या ब्लूफिनचे आकडे आणि आयोगाला कळवलेल्या पकडीचे आकडे जुळत नाहीत, अशी शंका आल्यावर स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळणी झाली. अहवाल गुप्त ठेवला गेला, तरी त्याचं सार बाहेर आलं. ऑस्ट्रेलियाच्या मत्स्यव्यवस्थापन संस्थेच्या प्रमुखाने त्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे सांगितलं की वीसेक वर्षांत सुमारे १,७८,००० टन मासा नोंदीबाहेर गेला. जपानचा कोटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आणला गेला. ऑस्ट्रेलियाचे हातही पूर्ण स्वच्छ नव्हते; पिंजऱ्यात गेलेल्या माशांचं वजन मोजक्याच माशांच्या नमुन्यावरून ठरवलं जात होतं आणि ते कमी भरतंय असा आक्षेप होता, त्याचीही चौकशी झाली.

पण शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हानी कोट्यापेक्षा मोठी होती. किती मासे धरले हेच खोटं, तर किती गळांना किती लागले हे प्रमाण तरी खरं कशावरून? पन्नास वर्षांच्या नोंदवह्यांवर बांधलेली गणिती प्रारूपं एका रात्रीत संशयास्पद झाली. आता असा आकडा हवा होता की ज्याच्या मुळाशी कोणाच्याही नोंदवहीचा शब्द नसेल.

तो आकडा काढण्याची कल्पना आली देवमाशांकडून. नॉर्वेत मिंके जातीच्या देवमाशांची शिकार होते, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मारलेल्या प्रत्येक देवमाशाचा डीएनए नोंदवून ठेवायचा तिथे नियम आहे. हेतू चोरटा व्यापार पकडण्याचा. पण ही नोंद साठत गेल्यावर नॉर्वेजियन संख्याशास्त्रज्ञ हान्स स्काउग यांच्या लक्षात आलं की त्यात नातेवाईकही सापडणार, आणि नातेवाईक किती सापडतात यावरून एकूण देवमासे किती हे काढता येईल. २००१ मध्ये त्यांनी ते गणित मांडलं. त्याच वर्षी उत्तर अटलांटिकच्या हंपबॅक देवमाशांवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटाने पितृत्वाच्या नोंदींवरून नरांची संख्या काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे होबार्टमधले संख्याशास्त्रज्ञ मार्क ब्राव्हिंग्टन हेही देवमाशांच्या मोजणीच्या वर्तुळात वावरणारे. त्यांनी आणि त्याच संस्थेतले जनुकशास्त्रज्ञ पीटर ग्रुई यांनी हा विचार ट्यूनाकडे वळवला, आणि २००७ च्या सुमारास आयोगाच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवला.

विचार असा. एखाद्या वाडीच्या जत्रेत डोळे मिटून एक मूल आणि एक मोठं माणूस निवडलं, तर ते आईलेक किंवा बापलेक निघण्याची शक्यता बरीच. हेच मुंबईत चर्चगेट स्टेशनाबाहेर केलं तर जन्मभर निवडत बसावं लागेल. लोकसंख्या जितकी मोठी तितकी नात्यातली जोडी सापडणं दुर्मीळ. म्हणजे जोड्या किती विरळ सापडतात हेच लोकसंख्येचं माप झालं.

गणित अगदी शाळेतलं आहे. प्रत्येक पिल्लाला आईबाप दोन, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. समुद्रात एकूण प्रौढ मासे 'क्ष' असतील, तर सहज हाती लागलेला एखादा प्रौढ मासा हा त्या पिल्लाचा बाप किंवा आई असण्याची शक्यता २ भागिले क्ष. आता पुष्कळ पिल्लं आणि पुष्कळ प्रौढ घ्या आणि प्रत्येक पिल्लाची प्रत्येक प्रौढाशी तुलना करा. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ: ६,००० पिल्लं आणि ७,००० प्रौढ. तुलना झाल्या ४ कोटी २० लाख. त्यात ४५ जोड्या जुळल्या, तर क्ष म्हणजे ८ कोटी ४० लाख भागिले ४५, साधारण साडेअठरा लाख. एवढंच. यात गळ नाहीत, बोटी नाहीत, टनही नाहीत.

पीटरसनच्या खुणेशी याचं नातं उघड आहे. पिल्लू सापडलं की त्याने आपल्या आईबापांवर खूण केली, आणि तो बाप सापडला की खुणेवाला परत मिळाला. फरक असा की ही खूण गळून पडत नाही आणि कोणाला दडवताही येत नाही. शिवाय मासा जिवंत असण्याची गरज नाही. बाजारात विकायला निघालेला मेलेला मासा चालतो. मासेमारी बंद न पाडता, स्वतःची एकही बोट समुद्रात न घालता मोजणी होते, हे मला या पद्धतीचं सर्वांत धूर्त अंग वाटतं.

नमुने गोळा करायच्या जागा माशानेच ठरवून दिल्या होत्या. प्रौढ मासे मिळणार बालीच्या बेनोआ बंदरात. जावाच्या दक्षिणेला अंडी घालायला आलेले मासे इंडोनेशियाच्या लाँगलाइन बोटींना लागतात आणि तिथे उतरतात. तिथे १९९० च्या दशकापासून एक व्यवस्था चालू होती. धक्क्यावर माणसं उभी राहून प्रत्येक ट्यूनाची लांबी मोजत आणि डोक्यातून कानाचा छोटासा खडा काढून घेत. ऑटोलिथ म्हणतात त्याला. तो कापला की आत वर्षागणिक वाढलेली कडी दिसतात आणि माशाचं वय कळतं. आता त्याच माशांच्या अंगातून मांसाचा एक लहानसा तुकडाही घेतला जाऊ लागला. पिल्लं मिळणार पोर्ट लिंकनला, पिंजऱ्यातून काढलेले तीनेक वर्षांचे मासे जपानला रवाना होण्याआधी साफ होतात तिथे. २००६ पासून पुढची चारेक वर्षं दोन्ही टोकांकडून नमुन्यांच्या कुप्या होबार्टला येत राहिल्या. शेवटी जवळपास १४,००० मासे झाले.

प्रयोगशाळेतला भाग बाहेरून कंटाळवाणा दिसतो, पण खरी कसोटी तिथेच होती. डीएनएमधल्या काही ठरावीक ठिकाणी अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि त्यांची लांबी माशागणिक वेगळी असते. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. म्हणजे खऱ्या बापाशी पिल्लाची निदान एक प्रत प्रत्येक ठिकाणी जुळलीच पाहिजे. एके ठिकाणी जुळणं योगायोग असू शकतो, दोन ठिकाणीही. म्हणून पंचवीसच्या आसपास ठिकाणं तपासली गेली. इतकी कशाला? कारण तुलना कोट्यवधी होत्या. दहा लाखांत एकदा होणारा योगायोगसुद्धा चार कोटी तुलनांत चाळीस वेळा होईल, आणि खऱ्या जोड्या जर पन्नासच्या आतच असतील तर निम्मं उत्तर खोटं निघेल. उलट वाचनात एखादी चूक झाली तर खरी जोडी हातची जाईल. दोन्हीकडून सांभाळत, संशयास्पद नमुने बाजूला काढत काम पुढे गेलं.

जोड्या निघाल्या ४५.

सरळ भागाकार मात्र इथे पुरत नाही. ट्यूनाची मोठी मादी लहान मादीपेक्षा किती तरी पट अंडी घालते, त्यामुळे मोठ्या माशाचं पिल्लू सापडण्याची शक्यता जास्त. पिल्लू जन्मलं त्या वर्षी तो प्रौढ खरंच प्रौढ होता का, तेव्हा त्याचा आकार किती होता, हे त्याच्या आजच्या वयावरून आणि लांबीवरून मागे जाऊन काढावं लागतं. कानातले खडे इथे उपयोगी पडले. आणखी एक आक्षेप होता, तो वाजवी होता. अंडी घालायला न आलेला, किंवा इंडोनेशियाच्या बोटी जात नाहीत अशा बाजूला अंडी घालणारा मासा या हिशेबातून सुटणार नाही का? उत्तर पद्धतीतच दडलेलं होतं. पिल्लं जन्मल्यापासून तीन वर्षं समुद्रभर मिसळतात. बाइटमध्ये सापडलेलं पिल्लू बेनोआला येणाऱ्या बापाचं असू शकतं तसंच न येणाऱ्याचंही. दोनपैकी एका बाजूचा नमुना असा सरमिसळ असला, तर दुसऱ्या बाजूचा एकांगीपणा फारसा नडत नाही.

हे सगळं जमेला धरून उत्तर आलं ते वीस लाखांच्या आसपास प्रौढ मासे. २०१२ मध्ये ते आयोगाच्या शास्त्रीय समितीपुढे गेलं आणि २०१६ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात ब्राव्हिंग्टन, ग्रुई आणि कॅम्बेल डेव्हिस यांच्या नावाने छापून आलं.

आकडा पूर्वीच्या अंदाजांपेक्षा बराच मोठा होता. जपानचा आशावाद मग खरा ठरला का? इतकं सोपं नाही. प्रौढ मासे गृहीत धरले होते त्याहून जास्त निघाले हे खरं, पण मासेमारी सुरू होण्याआधीच्या मूळ साठ्याच्या मानाने ते फार थोडे होते. याआधीचं मूल्यमापन मूळ साठ्याच्या सुमारे ५ टक्के सांगत होतं; नव्या आकड्यासह २०१४ मध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास आलं. पाचाचे नऊ झाले म्हणून कोणी पेढे वाटत नाही. पण वादाची जात बदलली. १९९० च्या दशकात दोन्ही बाजू प्रारूपातल्या गृहीतकांवर भांडत, आणि प्रत्येकाला आपल्या सोयीचं गृहीतक मिळत असे. ४५ जोड्यांशी कोणाला भांडता येत नव्हतं.

श्रेय मात्र जोखून द्यायला हवं. साठा सावरला तो जनुकांमुळे नाही. २००९ मध्ये एकूण कोटा २० टक्क्यांनी कापून ९,४४९ टनांवर आणला गेला, २०१० पासून प्रत्येक माशाला टॅग आणि कागद लावायची सक्ती झाली, आणि २०११ मध्ये बालीला झालेल्या बैठकीत कोटा कसा ठरवायचा याचं सूत्रच आधी ठरवून टाकलं गेलं, म्हणजे दरवर्षी नव्याने घासाघीस नको. या तिन्ही गोष्टी नात्यांच्या मोजणीचा निकाल यायच्या आधीच्या. मोजणीचं काम पुढचं. साठा वर येतोय हे जेव्हा दिसू लागलं, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला आधार तिने दिला. २०१९ मध्ये केपटाउनला नवं सूत्र ठरलं, त्यात आईबाप-पिल्लांच्या जोड्यांना आणि एकच पालक सामाईक असलेल्या सावत्र भावंडांच्या जोड्यांना औपचारिक जागा मिळाली. आता दरवर्षी हजारो नमुने नेमाने घेतले जातात. बाइटवरची विमानं मात्र २०१७ नंतर उडाली नाहीत. २०२० च्या मूल्यमापनात साठा मूळच्या २० टक्क्यांवर पोहोचलेला दिसला, २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या माशाला 'अतिधोक्यात'मधून 'धोक्यात'मध्ये आणलं, आणि २०२४ ते २०२६ साठी वार्षिक कोटा २०,६४७ टन ठरला. पोर्ट लिंकनला हे आनंदाचं वाटणार यात नवल नाही. मला स्वतःला पाचात चार मासे गेलेले दिसतात.

सावत्र भावंडांचा उल्लेख वर आला, त्याची करामत शार्कमध्ये दिसली. ग्रेट व्हाइट शार्कला ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संरक्षण आहे. पोहणाऱ्यांवर हल्ले झाले की शार्क फार माजलेत, मारा, अशी ओरड होते, आणि किती आहेत असं विचारलं की कोणाकडेच उत्तर नसायचं. प्रौढ शार्क हाती लागणं दुरापास्त. पिल्लं मात्र पूर्व किनाऱ्यावर पोर्ट स्टीफन्स आणि कॉर्नर इनलेटच्या परिसरात ठरलेल्या जागी येतात. सीएसआयआरओच्या गटाने पिल्लांचीच आपसात तुलना केली. प्रौढ थोडे असतील तर दोन पिल्लांची आई किंवा बाप एक असण्याची शक्यता जास्त. म्हणजे एकही मोठा शार्क न बघता मोठे शार्क मोजता आले! २०१८ मध्ये निष्कर्ष आला तो असा: पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या समुद्रात प्रौढ सुमारे ७५०, खालची मर्यादा ४७०, वरची १,०३०. सगळ्या वयाचे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास, पण इथे मर्यादा २,९०० पासून १२,८०० पर्यंत पसरलेली. ही एवढी रुंद मर्यादा बातम्यांच्या मथळ्यांत आली नाही, हे सांगायला नको. भावंडांच्या जन्मवर्षांतलं अंतर आणखी एक गोष्ट सांगून गेलं. पाच-सात वर्षांच्या फरकाने जन्मलेल्या पिल्लांचा बाप एकच निघाला, तर तो मधली वर्षं जगला होता. अशा जोड्यांवरून प्रौढ शार्कपैकी वर्षाला नव्वद टक्क्यांहून अधिक तगतात असं निघालं.

जिथे दुसऱ्या मार्गाने पडताळा घेता येतो तिथेही पद्धत तपासली गेली. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या सात ओढ्यांमध्ये ब्रुक ट्राउट माशांना प्रत्यक्ष खुणा लावून मोजलं आणि जनुकांवरूनही मोजलं. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळ आली. ओढा लहान आणि मासे मोजके, म्हणून ते जमलं.

सगळीकडे जमेल असं नाही. ब्राव्हिंग्टन, स्काउग आणि अमेरिकेतले एरिक अँडरसन यांनी २०१६ मध्ये या पद्धतीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. त्यातला कामचलाऊ ठोकताळा असा की प्रौढांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि दहाने गुणा, साधारण तेवढे नमुने लागतील. वीस लाखांचं वर्गमूळ चौदाशेच्या जरा वर, म्हणून ट्यूनाला १४,००० पुरले. तारलीसारख्या माशाची संख्या हजार कोटींवर असेल, तर नमुने लागतील दहा लाख. तेवढे कोण घेणार आणि कोण वाचणार? कळपाने राहणाऱ्या आणि कुटुंब न सोडणाऱ्या प्राण्यांत एकाच जागी नमुना घेतला तर नातेवाईकच नातेवाईक सापडतील आणि संख्या फसवी लहान दिसेल. वय कळत नसेल तर आजी-नात आणि सावत्र बहिणी यांतला फरक करणं अवघड, कारण जनुकांत दोन्ही नाती सारखीच दिसतात.

आता नजर वळली आहे ती हिंदी महासागरातल्या यलोफिन ट्यूनाकडे. हा मासा लक्षद्वीपच्या मच्छीमारांनाही लागतो आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही. त्याचा साठा ठरवणाऱ्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाचा भारत सदस्य आहे, आणि त्या साठ्यावरून नि कोट्यावरून तिथे वर्षानुवर्षं जे चाललंय त्यात १९९० च्या दशकातल्या ब्लूफिनच्या भांडणाचे बरेच सूर ऐकू येतात. नात्यांवरून मोजणी इथे जमेल का, याचा विचार सुरू झाला आहे. अडचण अशी की यलोफिनचं जन्मस्थान एकच नाही. विषुववृत्तालगतच्या विस्तीर्ण पाण्यात तो अंडी घालतो. म्हणजे एक बेनोआ आणि एक पोर्ट लिंकन इथे पुरणार नाही. मालदीवच्या गळाला लागलेला, ओमान आणि इराणच्या जाळ्यांत आलेला, श्रीलंका, इंडोनेशिया आणि भारताच्या बंदरांत उतरलेला, युरोपीय कंपन्यांच्या पर्ससीन बोटींनी उचललेला, असा प्रत्येक ठिकाणचा मासा नमुन्यात यायला हवा, आणि त्यासाठी या प्रत्येक देशाने आपल्या धक्क्यावर कुपी घेऊन उभं राहणाऱ्या माणसाला मासा कापू द्यायला हवा.